डायलिसिस, दुकान आणि घर: दीर्घ आजारात हरवलेला माणूस परत उभा करताना

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा. मिस्टरांचं वय ४४. तालुक्याच्या गावी मोटर रिवाइंडिंगचं, म्हणजे जळालेल्या मोटरला नवी तार भरून देण्याचं दुकान. दहा महिन्यांपासून हिमोडायलिसिस सुरू, मंगळवार आणि शुक्रवार. डाव्या मनगटाला फिस्टुला, म्हणजे डायलिसिसच्या सुयांसाठी ऑपरेशन करून जोडलेली रक्तवाहिनी. ड्राय वेट, म्हणजे जादा पाणी काढल्यावरचं वजन, ५८ किलो, पण मंगळवारी जाताना वजन चार-साडेचार किलोने वाढलेलं असतं. दुकानात जाणं बंद आहे, लग्नकार्याला येत नाहीत, कुणी काही विचारलं की ‘मी आता पेशंट, मला काय विचारता’ म्हणतात. पाण्यावरून घरात रोज खटका उडतो. आणि तुम्ही विचारलंत की हा माणूस पूर्वीसारखा कसा होईल.

अगदी पूर्वीसारखा होणार नाही. ते ध्येय ठेवलंत तर दोघंही थकाल. पण आज घरात बसलेला जो माणूस तुम्हाला दिसतोय, तोही कायमचा नाही. पहिले तीन-चार महिने गळ्यातला कॅथेटर (डायलिसिसची तात्पुरती नळी), फिस्टुलाचं ऑपरेशन, पैशांची जमवाजमव यातच जातात. हे आता जन्माचं आहे हे खऱ्या अर्थाने उमगतं ते आठव्या-दहाव्या महिन्यात, धावपळ ओसरल्यावर. मायकेल बरी या ब्रिटिश समाजशास्त्रज्ञाने १९८२ मध्ये संधिवाताच्या रुग्णांबद्दल लिहिताना हेच मांडलं होतं: दीर्घ आजार शरीराबरोबर माणसाच्या आयुष्याचा सांधाही निखळवतो. काल कोण होतो आणि उद्या कोण असणार हे जोडणारा धागाच तुटतो.

माझं म्हणणं एवढंच, की हा सांधा बोलून-समजावून फारसा जुळत नाही. डायलिसिसच्या बाबतीत तो आठवड्याच्या वेळापत्रकात जुळतो. कोणत्या दिवशी अंगात किती त्राण असतं, त्यात कोणतं काम बसतं आणि ते कोण ठरवतं, यावर सगळं आहे. म्हणून आधी शरीराकडे बघू.

‘स्वभाव बदलला’ असं घरच्यांना वाटतं त्यातला बराच भाग रक्तात सापडतो. गेल्या महिन्याचा रिपोर्ट काढा आणि हिमोग्लोबिन बघा. डायलिसिसच्या रुग्णात ते साधारण १० ते ११.५ च्या दरम्यान ठेवायचा प्रयत्न असतो. सात-आठवर असेल तर माणसाला जिना चढवत नाही, हिशेबात लक्ष लागत नाही, चिडचिड होते, चारचौघांत बसवत नाही. ही उदासी नव्हे, हा रक्ताचा तुटवडा. एरिथ्रोपोएटिनचं, म्हणजे रक्त वाढवणारं इंजेक्शन वेळेवर मिळतंय का, मध्ये खंड पडलाय का, हे विचारा. इंजेक्शन चालू असून हिमोग्लोबिन हलत नसेल तर लोह कमी असण्याची शक्यता मोठी; फेरिटिन आणि ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन या दोन तपासण्या झाल्यात का ते बघा. ‘एक बाटली रक्त चढवून टाकू’ हा सोपा मार्ग शक्यतो टाळतात, कारण वारंवार रक्त दिल्याने शरीरात अँटिबॉडी तयार होतात आणि पुढे किडनी जुळणं अवघड होतं.

दुसरी गोष्ट, डायलिसिस पुरतं आहे का. सर्वसाधारण प्रमाण आठवड्यातून तीनदा, दर वेळी चार तास, असं आहे. आपल्याकडे खर्चामुळे आणि प्रवासामुळे दोनदाच करणारे पुष्कळ आहेत. लघवी बऱ्यापैकी होत असेल तोवर दोनदा निभतं; ती बंद होत आली की निभत नाही. म्हणून एकदा २४ तासांची लघवी मोजा: सकाळची पहिली टाकून द्यायची, तिथून पुढची प्रत्येक वेळची एका डब्यात, दुसऱ्या दिवशी सकाळची पहिली धरून. डायलिसिस युनिटमध्ये यूआरआर विचारा, म्हणजे एका डायलिसिसमध्ये रक्तातला युरिया किती टक्के उतरतो तो आकडा. डायलिसिसच्या आधी आणि नंतर युरिया काढून तो ठरतो आणि ६५ टक्क्यांच्या वर हवा. हे दोन आकडे कमी असतील तर तिसऱ्या डायलिसिसची गोष्ट डॉक्टरांशी काढा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिस बसतं, आणि २०१६ पासून प्रधानमंत्री राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमातून जिल्हा रुग्णालयांत सोय झाली आहे. जवळच्या कोणत्या रुग्णालयात कोणत्या शिफ्टला जागा आहे, हे योजनेच्या रुग्णालयात बसणाऱ्या मदतनीसाला, आरोग्यमित्राला विचारा.

तिसरी गोष्ट झोप. अंगाला खाज, रात्री पायांत वळवळ, सारखी कूस बदलणं. खाज असेल तर फॉस्फरस बघा, आणि फॉस्फरसची गोळी ते कधी घेतात ते बघा. ती अन्नातला फॉस्फरस पोटातच बांधून ठेवते, म्हणून जेवताना, घासांबरोबरच घ्यायची. जेवण झाल्यावर दोन तासांनी बाकीच्या गोळ्यांबरोबर गिळली तर काही उपयोग नाही. ही चूक घराघरात होते. पायांची वळवळ लोह कमी असल्यानेही होते.

आता पाणी, कारण तुमच्या घरातलं भांडण तिथे आहे आणि तुमच्या प्रश्नाची किल्लीही तिथेच आहे.

हिशेब असा. डायलिसिसमध्ये पाणी काढण्याचा वेग दर किलो वजनामागे तासाला १३ मिलिलिटरच्या वर जाऊ नये असं धरतात. ५८ किलोच्या माणसाचं चार तासांत त्यामुळे फार तर तीन लिटर पाणी निघतं. ते साडेचार लिटर घेऊन आले की दोनच वाटा उरतात. एक, सगळं ओढायचं. म्हणजे वेग जवळजवळ १९ वर जातो, तिसऱ्या तासाला बीपी डाऊन होतं, पोटऱ्यांत गोळे येतात, पाय वर करून सलाइन द्यावं लागतं, आणि घरी आल्यावर माणूस आडवा होतो तो दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत. दोन, दीड लिटर आत ठेवून घरी पाठवायचं. मग बीपी वाढलेलं, रात्री आडवं झालं की दम. दोन्हींत बुधवार गेला. आणि बुधवार-गुरुवार हेच तर त्यांचे दुकानाचे दिवस असायला हवेत. चार आठवडे असेच गेले की माणूस स्वतःलाच सांगतो, आपल्याच्याने आता काही होत नाही. ‘मी आता पेशंट’ हे वाक्य असं तयार होतं.

मग ते तरीही पाणी का पितात? पहिलं कारण मीठ. शरीरात ८-९ ग्रॅम मीठ साठलं की ते आपल्यासोबत लिटरभर पाणी धरून ठेवतं, आणि ते पाणी मिळेपर्यंत तहान थांबत नाही. म्हणून मीठ कमी न करता पाणी बंद करणं म्हणजे माणसाचा छळ. दिवसाला सगळं मिळून एक सपाट छोटा चमचा, म्हणजे पाच ग्रॅमच्या आत. लोणचं, पापड, फरसाण, बेकरीची खारी आणि बटर, हॉटेलची मिसळ, सुकी मासळी यांत हा चमचा एका बैठकीत संपतो. सैंधव घेतलं तरी ते मीठच. आणि बाजारात ‘लो सोडियम’ म्हणून जे मीठ मिळतं ते अजिबात आणू नका. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम असतं आणि डायलिसिसच्या रुग्णाला ते जिवावर बेतू शकतं. साखर वाढलेली असली तरी तहान लागते. मधुमेह असेल तर ते वेगळं बघा.

दुसरं कारण तुम्हाला कदाचित टोचेल, पण सांगायला हवं. तुम्ही माठावर लक्ष ठेवता, मुलगा ‘बाबा, झाला तुमचा ग्लास’ म्हणतो, सासूबाई तांब्या उचलून ठेवतात. काय खायचं ते आहारतज्ज्ञ ठरवतात, कधी यायचं ते युनिट ठरवतं, किती काढायचं ते टेक्निशियन ठरवतो. कधीकाळी दुकानात चार माणसांना कामं सांगणाऱ्या माणसाच्या हातात एकच निर्णय उरलाय: सगळे झोपल्यावर उठून गार पाण्याचा तांब्या तोंडाला लावायचा की नाही. तो तांब्या तहानेइतकाच हट्टाचाही असतो. पहारा वाढवलात तर हट्ट वाढेल.

म्हणून पाण्याचा कारभार पूर्णपणे त्यांच्या हातात द्या. पद्धत ही. २४ तासांची लघवी जितकी, त्यात ५०० मिली मिळवायचे. डॉक्टरांकडून हा आकडा पक्का करून घ्यायचा. समजा लघवी २०० आली, तर दिवसाला ७०० मिली. सकाळी एका बाटलीत मोजून ७०० मिली भरायचं. प्यायचं ते या बाटलीतूनच. चहा, दूध, ताक, आमटी, गोळीबरोबरचा घोट असं दुसरं काही पातळ पोटात गेलं की तेवढंच पाणी बाटलीतून काढून तुळशीत ओतायचं. शंभर मिली चहा, शंभर मिली तुळशीला. बाटली रिकामी झाली की दिवस संपला. रात्रीसाठी शेवटचे दीडशे-दोनशे राखून ठेवायला त्यांना स्वतःलाच दोन-चार दिवसांत जमतं. मध्ये तोंड कोरडं पडलं तर चूळ भरून टाकणं, एखादी वेलची किंवा लवंग, लिंबाची छोटी फोड. रोज सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, त्याच कपड्यांत, त्याच काट्यावर वजन, लिहायचं त्यांनीच. दिवसाला साधारण ६०० ग्रॅमपर्यंत वाढ चालेल. म्हणजे शुक्रवार ते मंगळवार या चार दिवसांच्या लांब टप्प्यात सव्वादोन-अडीच किलो. ड्राय वेटच्या चार टक्क्यांच्या आसपास.

तुम्ही वही बघायची नाही. विचारायचंही नाही. पहिल्या आठवड्यात आकडा वाईट येईल, तरी बोलायचं नाही. मंगळवारी काट्यावर उभं राहिल्यावर तो आकडा आपणहून बोलतो आणि त्यांना तो कळतो, कारण रिडिंग घेणं हा त्यांचा धंदाच आहे. अपवाद एकच: सरळ झोपता येत नाही इतका दम, छातीत धडधड, किंवा पायांतली ताकद अचानक गेल्यासारखं वाटलं तर वाट बघायची नाही, त्याच रात्री दवाखाना. विशेषतः सोमवारी रात्री.

आता दुकान. आधी दोन आठवडे नोंद करा, तीही त्यांनीच. सकाळी, दुपारी, संध्याकाळी, अंगातल्या ताकदीला शून्य ते दहा आकडा. पाणी आटोक्यात आल्यावर बहुतेकांच्या नोंदीत असं दिसतं की डायलिसिसची संध्याकाळ वाया जाते, दुसऱ्या दिवशी दुपारपासून बरं वाटतं, मधले दिवस चांगले आणि लांब टप्प्याचा शेवटचा दिवस जड. प्रत्येकाचा आलेख वेगळा असतो, म्हणून दुसऱ्याचं वेळापत्रक उचलू नका.

मग दुकानातल्या कामाचे तुकडे पाडा. लोक म्हणतात ‘दुकानात जाऊन नुसतं बसा’. हा सल्ला चुकीचा आहे. गल्ल्यावर नुसतं बसवलेल्या माणसाला तासाभरात कळतं की आपल्यावाचून इथे काही अडत नाही. रिवाइंडिंगच्या कामात जे करायचं नाही ते मोजकं आहे: विहिरीतून काढलेली सबमर्सिबल उचलणं, बॉडीतून स्टेटर (मोटरचा न फिरणारा, तार भरलेला भाग) ओढून काढणं, जळकी तार छिन्नीने तोडून खेचणं, वार्निश आणि भट्टीजवळ उभं राहणं. शेवटच्या दोन गोष्टींत धूर आहे, घाम आहे, आणि घामापाठोपाठ तहान आहे. हे सगळं हाताखालच्या मुलाकडे. उरलं ते बघा: मेगर (इन्सुलेशन तपासायचं मीटर) लावून मोटर नक्की कुठे जळली ते सांगणं, एक फेज जाऊन जळाली की बेअरिंग बसून, हे कॉइलचा रंग बघून ओळखणं, टर्न (तारेचे वेढे) मोजणं, तारेचा गेज ठरवणं, फर्म्यावर कॉइल पाडणं, खाचेत कागद सारून कॉइल बसवणं, कनेक्शन, शेवटचं टेस्टिंग, गिऱ्हाइकाला रेट सांगणं. दुकानाची अक्कल म्हणतात ती यात आहे, आणि यातलं बहुतेक काम बसून होतं.

रिवाइंडिंगवाल्याकडे एक वही असते. कोणत्या कंपनीची, किती एचपीची, किती खाचांची मोटर, टर्न किती, गेज कुठला. सुरुवात या वहीपासून करा. पहिल्या आठवड्यात दुकानात जायची गरजच नाही. हाताखालच्या मुलाने फोन करून विचारायचं, ‘शेठ, साडेसात एचपीची आलीय, टर्न किती पाडू?’ आणि त्यांनी वहीत बघून सांगायचं. पण फोन खरा हवा. करमणूक म्हणून लावलेला फोन त्यांना दोन वाक्यांत ओळखू येईल. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून आठवड्यातले दोन दिवस, नोंदीत चांगले निघालेले, दोन-दोन तास. तिसऱ्या तासाला बरं वाटत असलं तरी उठायचं. चांगल्या दिवशी सहा तास रेटून पुढचे दोन दिवस झोपून काढणं हा या आजारातला सगळ्यात नेहमीचा घोटाळा आहे, आणि त्यानंतर माणूस पुन्हा जायचं नावच काढत नाही. दर पंधरवड्याला अर्धा तास वाढवा. सहा आठवड्यांत आठवड्याचे पाच-सहा तास झाले तर उत्तम. एखाद्या आठवड्यात ताप आला, बीपी बिघडलं, तर एक पायरी खाली यायचं, शून्यावर नाही. आणि या कामाचे पैसे वेगळे दिसू द्या. आठवड्याचे बाराशे आले तर बाराशे, पण ‘हे तुमचे’ म्हणून.

हाताबद्दल. फिस्टुलाचा हात जपायचा म्हणून तो गळ्यात बांधल्यासारखा ठेवणारे लोक आहेत. त्याची गरज नाही, हलक्या कामाने तो उलट चांगला राहतो. त्या हाताने जड उचलायचं नाही, त्यावर बीपी बघू द्यायचं नाही, रक्त काढू द्यायचं नाही, उशाला घेऊन झोपायचं नाही, घड्याळ नाही. दुकानात स्टेटरच्या पत्र्याच्या धारा आणि गरम सोल्डर यांपासून वाचायला सैलसर सुती बाही. रोज सकाळी दोन बोटं ठेवून थरथर लागते का बघायचं. लागली नाही तर उद्यावर टाकायचं नाही, लगेच युनिटला फोन, कारण गुठळी काढायला मोजके तास असतात. रक्त आलं तर वर फडकं गुंडाळत बसायचं नाही, नेमक्या जागेवर बोटाने दाबून धरायचं आणि हात वर करायचा. सुयांच्या जागा फुगतात, टेंगळं येतात, आणि त्यासाठी उन्हाळ्यातही पूर्ण बाह्यांचा शर्ट घालणारे किती तरी जण आहेत. एकाच जागी सुई टोचत राहिल्याने फुगवटे वाढतात. जागा बदलत जायला टेक्निशियनला सांगा. फुगवट्यावरची कातडी पातळ आणि चकचकीत दिसायला लागली तर सर्जनला दाखवा.

हीच गोष्ट बाईच्या बाबतीत आणखी अवघड होते. डाव्या हातातल्या बांगड्या उतरवा, असं कुणीतरी घाईत सांगून जातं आणि सवाष्णीला त्याचा काय अर्थ लागतो याचा विचार कुणी करत नाही. घट्ट बांगडी किंवा पाटली नकोच, काचेची फुटून लागू शकते. पण उजव्या हातात दुप्पट भरता येतात, आणि हे ऑपरेशनच्या आधी शांतपणे, घरातल्या मोठ्या बाईच्या समोर बोलायचं असतं. फिस्टुला सहसा ज्या हाताने कमी काम करतो त्यात करतात. डावखुरी बाई असेल तर तेही आधीच सांगावं.

घरातलं बोलणं. ओपीडीत डॉक्टरांनी ‘कसं काय?’ विचारलं की उत्तर बहुतेक वेळा बायको देते. पुढच्या वेळेपासून तुम्ही गप्प बसा, पंधरा सेकंद शांततेत गेली तरी. फाइल त्यांच्या हातात द्या. युनिटमध्ये ‘चार नंबरचा पेशंट’ अशी हाक मारत असतील तर सिस्टरला आडनावाने हाक मारायची विनंती करा. चांगल्या युनिटमध्ये ती मान्य होते. काट्यावरचं वजन, आजचं लक्ष्य, पाणी किती काढणार, हे तीन आकडे मशीन सुरू होण्याआधी त्यांनी स्वतः विचारावेत.

लग्नकार्य टाळण्यामागे दोन भित्या असतात: लोक काय विचारतील आणि ताटात काय वाढतील. दोन्हींसाठी तयार वाक्यं लागतात. ‘आता बरं आहे ना?’ या प्रश्नाला खरं उत्तर नाही, कारण हा आजार बरा होऊन मागे पडणारा नाही. ‘मंगळवार-शुक्रवार डायलिसिस, बाकी दिवस दुकान’ हे पुरे; त्यात दया मागितलेली नाही आणि खोटंही काही नाही. चहासाठी ‘अर्धा कप, आणि मी मोजून घेतो’. पहिलं कार्य डायलिसिसच्या दुसऱ्या दिवशीचं निवडा, जवळच्या नात्यातलं, आणि तासाभरात निघायचं आधीच ठरवून जा. भेटायला येणारे शहाळं घेऊन येतात. ते प्रेमाने आणलेलं असतं, पण शहाळ्यात पोटॅशियम इतकं असतं की लघवी बंद असलेल्या रुग्णाच्या हृदयाचे ठोके बिघडू शकतात. मोसंबीचा रस, केळी, तेही तसंच. नातेवाइकांना फोनवर आधीच सांगून ठेवा: आणायचंच तर एक सफरचंद आणा. आषाढी-कार्तिकीचा उपवास ज्यांना सोडवत नाही त्यांच्यासाठी: साबुदाणा त्यातल्या त्यात चालतो, घात करतात ते बटाटा, रताळं आणि शेंगदाणे. भाज्यांतलं पोटॅशियम कमी करायला बारीक चिरून भरपूर पाण्यात उकळा आणि ते पाणी फेकून द्या. अख्ख्या भाज्या नुसत्या भिजवून फारसं काही निघत नाही.

मनाबद्दल. बेल्जियममधल्या काही संशोधकांनी टाइप १ मधुमेहाच्या तरुणांवर काम करून २०१६ मध्ये आजार आणि ओळख यांच्या चार अवस्था मांडल्या: आजार नाकारणं, आजाराने गिळून टाकणं, आजाराला आयुष्यात जागा देणं, आणि त्यातून आयुष्यात काही भर पडणं. ही शिडी समजू नका. तुमचे मिस्टर शनिवारी-रविवारी पहिल्या अवस्थेत असतात, म्हणून तांब्या. आणि मंगळवारी-बुधवारी दुसऱ्या अवस्थेत, म्हणून अंथरूण. आपल्याला तिसरी गाठायची आहे. चौथीची अपेक्षा कुणी कुणाकडून करू नये. ‘या आजाराने तुम्हाला किती शिकवलं’ असं रुग्णाला ऐकवणं क्रूर आहे. ‘सकारात्मक राहा’ हेही तसंच. निरुपयोगी वाक्यांत ‘अमक्याचं बघ, तो डायलिसिसवर असून नोकरी करतो’ हे सगळ्यात वर येतं.

मात्र दुःख वेगळं आणि नैराश्याचा आजार वेगळा. डायलिसिसवरच्या साधारण चार-पाच जणांत एकाला उपचार लागतील इतकं नैराश्य असतं. थकवा, झोप, भूक यांवरून ते ओळखता येत नाही, कारण ती लक्षणं किडनीचीही आहेत. दोन गोष्टी बघा: दोन आठवडे जवळजवळ रोज, चांगल्या दिवशीसुद्धा, कशातच रस नाही, आणि पुढे काहीच नाही, आपण ओझं आहोत, असं बोलणं. हे असेल तर मानसोपचारतज्ज्ञ, आणि गोळी सुरू करताना किडनीच्या डॉक्टरांना कळवून, कारण काही औषधांचे डोस बदलावे लागतात. ‘डायलिसिस बंद करू या’ असं ते म्हणाले तर ओरडू नका, विषयही बदलू नका. शांतपणे विचारा: ‘मरावंसं वाटतं का? तसं काही करायचं मनात येतं का?’ विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही; असलेला बाहेर येतो. होकार आला तर एकटं सोडायचं नाही, त्याच दिवशी डॉक्टर. टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक दिवसरात्र चालतो आणि मराठीत बोलता येतं.

पती-पत्नी म्हणून जे थांबलं असेल त्याबद्दल तुम्ही लिहिलं नाही, पण डायलिसिसवरच्या बहुसंख्य पुरुषांना लैंगिक अडचण येते आणि त्यातले फार थोडे डॉक्टरांशी बोलतात. रक्त वाढवणं, बीपीची गोळी बदलणं, औषध देणं, असे उपाय आहेत. मित्राने सुचवलेली गोळी मात्र नको. छातीत दुखण्यासाठी नायट्रेटची गोळी चालू असेल तर ती घातक ठरते.

‘किडनी बसली की सगळं सुरू करू’ या वाक्यापासून सावध राहा. झेडटीसीसीच्या (विभागीय अवयव प्रत्यारोपण समन्वय केंद्राच्या) प्रतीक्षायादीत नाव नोंदवा, घरातलं कुणी देऊ शकतं का ते तपासा. कायद्याने जवळचे नातेवाईक म्हणजे पती-पत्नी, आई-वडील, मुलं, भावंडं, आजी-आजोबा, नातवंडं. रक्तगट जुळत नसेल तर दुसऱ्या जोडीशी अदलाबदलही होते. पण यादी लांब आहे, आणि प्रत्यारोपणानंतरही जन्मभर गोळ्या, संसर्गाची भीती आणि देणाऱ्याच्या उपकाराचं ओझं असतं. तोवर दुकान बंद ठेवायचं ठरवलंत तर किडनी मिळेपर्यंत गिऱ्हाइकंही गेलेली असतील आणि हातही.

पैशाच्या दोन गोष्टी. डायलिसिससाठी जाणाऱ्या किडनीच्या रुग्णाला आणि सोबत्याला रेल्वेत सवलत आहे, रुग्णालयाकडून ठरावीक नमुन्यात दाखला घ्यावा लागतो. एसटीच्या सवलतींबद्दल आगारात विचारा. नुसत्या किडनीच्या आजारावर अपंगत्वाचं प्रमाणपत्र मात्र मिळत नाही, २०१६ च्या कायद्यातल्या २१ प्रकारांत तो नाही. पैसे घेऊन ‘काढून देतो’ म्हणणाऱ्याच्या नादी लागू नका.

आणि तुम्ही. शुक्रवारच्या चार तासांत तुम्ही युनिटबाहेरच्या बाकावर बसून असता, असं लिहिलंत. मशीन व्यवस्थित सुरू झालं आणि पहिला अर्धा तास बरा गेला की तिथे तुमचं काही काम नसतं. सिस्टरकडे फोन नंबर ठेवून निघा. त्या वेळेत बँक, माहेर, झोप, काय हवं ते. एकदा स्वतःचं बीपी आणि साखरही तपासून घ्या. पुढच्या ओपीडीसाठी हिमोग्लोबिन, लोह, यूआरआर, २४ तासांची लघवी आणि तिसरं डायलिसिस, असे पाच प्रश्न आहेत. ते कागदावर त्यांनाच लिहू द्या आणि विचारूही द्या. पाण्याची बाटली उद्या सकाळपासून सुरू करता येईल, पण आधी आज रात्री त्यांना सांगा की उद्यापासून तुम्ही माठाकडे बघणार नाही.